हे सांगू, की गप्प बसू?

युद्धाची बातमी आपण घरात बसून वाचतो. सकाळचा चहा, समोर पेपर आणि पेपरात हजार कोसांवरची लढाई. या गोष्टीची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्या रणभूमीच्या आणि आपल्या घराच्या मध्ये कुणी एक माणूस उभा असतो, हे लक्षातही येत नाही. त्याला आपण युद्धवार्ताहर म्हणतो. हा पेशा फार जुना नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो जवळजवळ नव्हताच. लढाई झाली की सेनापती सरकारला खलिता पाठवी, सरकार तो प्रसिद्ध करी आणि वृत्तपत्रे तोच छापत. जोडीला एखाद्या तरुण अधिकाऱ्याने घरी लिहिलेली पत्रे. आपल्याच चुकांची हकीकत सेनापती कशी लिहिणार, हे काही सांगायला नको.

मी एका मराठी दैनिकाच्या वृत्तविभागात बरीच वर्षे रात्रपाळी केली. १९९१ सालच्या आखाती युद्धात टेलिप्रिंटरवर मजकुराची भेंडोळी येत. 'अचूक मारा', 'लक्ष्य उद्ध्वस्त', 'विमाने सुखरूप परत' असे शब्द त्यांत असत. आम्ही ते भराभर मराठीत करून छपाईला सोडत असू. हे कुणी पाहिले, कुठे उभे राहून पाहिले, ते मात्र बहुतेक वेळा त्यात नसे. तो प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो शिरलाच. पुढे एका जुन्या ग्रंथालयात विल्यम हॉवर्ड रसेल या माणसाच्या रोजनिशीचे खंड हाती लागले आणि कळले, की हा प्रश्न या पेशाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात रसेलचे स्मारक आहे. युद्धवार्ताहरांतला पहिला आणि सर्वांत थोर, असे त्याच्यावर कोरले आहे. 'पहिला' हे काटेकोरपणे खरे नाही. १८०८ साली 'टाइम्स'ने हेन्री क्रॅब रॉबिन्सन या गृहस्थाला स्पेनमध्ये पाठवले होते. पण लढाई चालू असताना तिथेच राहायचे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि आपल्याच सैन्याची अब्रू जात असली तरी ते लिहायचे, ही रीत रसेलने पाडली, यात शंका नाही.

तो आयरिश. जन्म १८२०च्या सुमारास, डब्लिनजवळचा. पेशाची सुरुवात अगदी योगायोगाने झाली. १८४१ साली आयर्लंडमधल्या निवडणुकीच्या बातम्या 'टाइम्स'साठी गोळा करायला त्याचा एक चुलतभाऊ आला आणि त्याने याला हाताशी धरले. लाँगफर्ड गावी निवडणुकीत मारामारी झाली. आता खरे काय घडले हे विचारायचे कुणाला? हा विशीतला पोरगा सरळ तिथल्या रुग्णालयात गेला. दोन्ही पक्षांची डोकी फुटलेली माणसे एकाच छपराखाली सापडली आणि बातमी मिळाली. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचे बीज मला या एका युक्तीत दिसते. जखमी माणसापाशी जा, आणि दोन्ही बाजूंच्या जखमींपाशी जा.

दुसरा धडा त्याला १८४४ साली मिळाला. आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल यांच्या खटल्याचा निकाल घेऊन तो खास ठरवलेल्या बोटीने आणि आगगाडीने रातोरात लंडनला धावत आला. कचेरीच्या दारात सदऱ्याच्या बाह्या वर केलेला एक माणूस भेटला आणि सहज म्हणाला, ओकॉनेल अखेर दोषी ठरला तर! छापखान्यातलाच कुणी असेल, असे समजून रसेलने खुशाल तपशील सांगून टाकला. तो माणूस निघाला प्रतिस्पर्धी वृत्तपत्राचा! सकाळी बातमी त्यांच्याही अंकात होती.

१८५४च्या फेब्रुवारीत रशियाविरुद्ध फौजा निघाल्या. 'टाइम्स'चा संपादक डिलेन याने रसेलला माल्टाकडे रवाना करताना सांगितले, फार दिवसांचे काम नाही, ईस्टरपर्यंत घरी परत याल. घरी बायको मेरी आणि लहान मुले होती. ईस्टर आला आणि गेला. रसेल परत आला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे उलटली होती.

क्रिमियात त्याला कुणी बोलावले नव्हते. सरसेनापती लॉर्ड रॅग्लन यांच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता. शिधा नाही, तंबू नाही, माहिती नाही. पण रसेल गोष्टीवेल्हाळ, गाणारा, कुणाच्याही शेकोटीजवळ जाऊन बसणारा. कनिष्ठ अधिकारी आणि शिपाई त्याच्याशी मोकळेपणाने बोलत. त्यातून तो लढाईचे चित्र जुळवी. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाच्या टेकडीवर उभा राहून त्याने लाइट ब्रिगेडची धडक पाहिली. एका अस्पष्ट हुकमापायी सुमारे ६७० घोडेस्वार सरळ रशियन तोफांच्या तोंडी गेले आणि अर्ध्या तासाच्या आत ती पलटण मोडली. त्याचे पत्र बोटीने लंडनला पोहोचून १४ नोव्हेंबरला छापले गेले. टेनिसनची या प्रसंगावरची कविता डिसेंबरात आली. कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली, पत्र मात्र कुणी वाचले नाही.

पण रसेलची खरी कामगिरी त्या धडकेच्या वर्णनात नाही. ती आहे त्यानंतरच्या हिवाळ्यात. लढाईचा दिवस एखादाच असतो, बाकीचे दिवस चिखलाचे आणि उपासमारीचे असतात, हे त्याने ओळखले. बंदरापासून छावणीपर्यंत जेमतेम सहा-सात मैलांचे अंतर, पण धड रस्ता नव्हता. बंदरात माल कुजत होता आणि वर माणसे कुडकुडत होती. गरम कपडे घेऊन आलेले 'प्रिन्स' हे जहाज १४ नोव्हेंबरच्या वादळात बुडाले. शिपायांना कॉफी मिळाली ती हिरव्या, न भाजलेल्या बियांची. ती भाजायला सरपण नाही आणि दळायला जाते नाही. भुकेलेले घोडे एकमेकांच्या शेपट्या चावू लागले. या युद्धात ब्रिटिशांची सुमारे २१ हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक गोळीने नव्हे तर पटकी, हगवण आणि थंडीने.

या दिवसांत त्याने डिलेनला पत्राने विचारले, हे सगळे मी सांगू, की जीभ आवरू? वार्ताहराच्या आयुष्यातला सगळा पेच या एका प्रश्नात आहे. बाहेर शत्रू उभा असताना घरातली घाण चव्हाट्यावर आणायची का? डिलेनचा कौल सांगण्याच्या बाजूने पडला. जे छापण्याजोगे होते ते त्याने छापले, काही पत्रे खासगीत मंत्र्यांना दाखवली. स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाची दैना 'टाइम्स'चाच दुसरा वार्ताहर थॉमस चेनेरी याने कॉन्स्टँटिनोपलहून कळवली. ती वाचून देश हळहळला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन निघाल्या. हे श्रेय पुष्कळदा रसेलच्या नावावर जमा होते, ते चेनेरीचे आहे. २९ जानेवारी १८५५ रोजी पार्लमेंटने ३०५ विरुद्ध १४८ मतांनी चौकशीचा ठराव मंजूर केला आणि ॲबरडीन यांचे सरकार पडले.

लष्कराची तक्रार होती, की तोफा कुठे, दारूगोळा किती, हे 'टाइम्स'मध्ये छापून येते आणि शत्रूला आयते मिळते. ही तक्रार सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये जनरल कॉड्रिंग्टन यांनी शत्रूच्या उपयोगी पडेल असा मजकूर पाठवण्यास बंदी घालणारा हुकूम काढला. आधुनिक लष्करी सेन्सॉरशिपचा उगम अनेक अभ्यासक इथे मानतात. म्हणजे स्वतंत्र युद्धवार्ताहर आणि त्याच्या तोंडावरचा हात, ही दोन्ही एकाच युद्धाची अपत्ये आहेत.

आता क्रिमियातच घडलेली एक भेट सांगतो. मराठी वाचकाला ती जवळची वाटेल. दुसरे बाजीराव १८५१ साली बिठूरला वारले आणि कंपनी सरकारने त्यांचा आठ लाखांचा तनखा बंद केला. दत्तक पुत्र नानासाहेब पेशवे यांनी दाद मागायला अजीमुल्ला खानाला लंडनला धाडले. दाद मिळाली नाही. परतीच्या वाटेवर, १८५५ साली, त्याने माल्टामध्ये ऐकले, की १८ जूनच्या हल्ल्यात रशियनांनी इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही मागे रेटले. असे हे रुस्तुम आहेत तरी कसे, ते पाहायला तो थेट क्रिमियात गेला. तिथे तो रसेलला भेटला, त्याच्या आश्रयाने एक रात्र राहिला आणि रशियन तोफखान्याचा मारा त्याने डोळे भरून पाहिला. या देखण्या, इंग्रजी-फ्रेंच बोलणाऱ्या पाहुण्याचे रसेलला कौतुक वाटले. दोन वर्षांनी तोच कानपूरला नानासाहेबांचा सल्लागार म्हणून उभा राहिला. इंग्रज अजिंक्य नाहीत हे त्याला क्रिमियात दिसले होते आणि ते दिसताना रसेल जवळच होता.

१८५७च्या अखेरीस डिलेनने रसेलला हिंदुस्थानात पाठवले. इंग्लंडात तेव्हा सूडाची आरोळी उठली होती. मडमांच्या विटंबनेच्या, लेकरांचे अवयव तोडल्याच्या कथा घरोघर सांगितल्या जात होत्या. त्यांत खरे किती, हे पाहून ये, असा या कामगिरीचा एक हेतू होता. जानेवारी १८५८ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. सरसेनापती सर कॉलिन कॅम्पबेल यांनी त्याला अट घातली, सर्व काही सांगेन, पण छावणीत त्याची वाच्यता नको, लिहायचे ते फक्त इंग्लंडला. रॅग्लनपेक्षा हा गडी हुशार. वार्ताहराला दूर ठेवण्यापेक्षा जवळ घेणे सोयीचे, हे त्याला उमगले होते.

कानपूरला रसेलने बीबीघर पाहिले. तिथे बायकामुलांची कत्तल झाली हे त्याने कुठेही नाकारले नाही, झाकले नाही. पण 'आमचा सूड घ्या' अशा अर्थाचे जे शब्द भिंतींवर होते आणि ज्यांच्या नकला वाचून इंग्लंड पेटले होते, ते हॅवलॉकची फौज प्रथम आत शिरली तेव्हा नव्हतेच, मागून कुणी लिहिले, अशी नोंद त्याने केली. विटंबनेच्या कथांचा मागोवा घेत गेला, तर प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मिळेना. उलट आपल्या बाजूचे जे ऐकायला आले तेही त्याने लिहिले. अलाहाबादहून निघालेल्या एका तुकडीने दोन दिवसांत रस्त्याकडेला ४२ माणसे फासावर चढवली. आणखी १२ जणांना मारले, कारण तुकडी समोरून येताना त्यांची तोंडे भलत्या दिशेला होती! मुसलमान कैद्यांना मारण्यापूर्वी डुकराच्या कातड्यात शिवण्याचे प्रकार त्याने निषेधून लिहिले. एका युरोपियन यजमानाच्या घरी मार खाऊन पट्ट्या बांधलेले दोन नोकर खाटेवर कण्हताना त्याने पाहिले, तेही लिहिले.

एवढे करून तो थांबला नाही. या राज्याचा पाया कशावर आहे, हा प्रश्न त्याने विचारला. ज्यांच्याशी आपण बोलत नाही, ज्यांना घालूनपाडून बोलतो, त्यांच्यावर निव्वळ भीतीच्या बळावर किती दिवस राज्य करणार? दिल्लीला बंदिवान बहादूरशहा जफर यांना पाहून आल्यावर त्याने लिहिले, की याला कृतघ्न म्हणण्याआधी आपण याच्या पूर्वजांच्या दारी याचक म्हणून आलो होतो, हे आठवावे. आज आपण ज्याला संघर्षाचे विश्लेषण म्हणतो ते हेच. कोण जिंकला, हे सांगून न थांबता, भांडण का पेटले आणि पुन्हा का पेटेल, हे सांगणे.

रसेल साधुसंत नव्हता. साम्राज्य असावे, पण शहाणपणाने चालावे, असे मानणारा तो त्याच्या काळाचा इंग्रजी पत्रकार होता. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले आणि कैसरबागेची लूट सुरू झाली. एका शिपायाने त्याला पाचू, हिरे आणि मोत्यांचा एक दागिना शंभर रुपयांत देऊ केला. पैसे नोकराजवळ राहिले होते, म्हणून सौदा हुकला, असे तो स्वतःच सांगतो. मात्र त्या लुटीचे चित्र त्याने असे उघडेवाघडे रंगवले, की कार्ल मार्क्सचा सहकारी एंगल्स याने त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये ब्रिटिश फौजेवर टीका करताना त्याचाच आधार घेतला. पुढे घोड्याची लाथ मांडीवर बसल्याने रसेल डोलीतून फिरला आणि बरेलीच्या लढाईत बंडवाल्या स्वारांच्या हातून थोडक्यात वाचला.

पण इथेच त्याच्या साक्षीची मर्यादाही दिसते. तो नेहमी एका बाजूच्या छावणीत होता. देशी माणसाची भाषा त्याला येत नव्हती. वेढ्याच्या आत काय चालले होते, ते त्याला कसे दिसणार? ते दिसले आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांना. रसेल लखनौला होता, त्याच मार्च-एप्रिलात गोडसे भटजी दीड-दोनशे मैलांवर झाशीत अडकले होते. कर्ज फेडायला यज्ञाची दक्षिणा मिळवावी म्हणून कोकणातून निघालेला हा भिक्षुक माणूस. इंग्रज शहरात शिरल्यावर आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, मग धान्य आणि कपडे, अशी लूट कशी झाली, माणसे कुठे लपली, पाण्यावाचून जीव कसा कासावीस झाला, हे त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये सांगितले आहे. रसेलकडे वृत्तपत्र होते, टपाल होते, लंडनचा वाचक होता. त्याचे पत्र काही आठवड्यांत छापून येई. भटजींनी आपली हकीकत पंचवीस वर्षांनी कागदावर उतरवली आणि ती छापली गेली त्याहून वीसेक वर्षांनी. लढाईत हरणाऱ्याची बाजू नेहमी अशी उशिरा पोहोचते.

रसेल १८६१च्या मार्चमध्ये अमेरिकेत गेला तेव्हा त्याची कीर्ती पुढे धावत होती. अध्यक्ष लिंकन यांनी त्याला भेटीत म्हटले, की 'टाइम्स'हून बलवान असे जगात काही असेल, तर ती कदाचित मिसिसिपी नदीच. रसेल दक्षिणेतही हिंडला, मंटगोमरीला गुलामांचा लिलाव पाहून शहारला. २१ जुलैला बुल रनच्या लढाईला तो उशिरा पोहोचला आणि त्याच्यासमोर आली ती पळत सुटलेली उत्तरेची फौज. जे पाहिले ते त्याने लिहिले. तो अंक महिन्याभराने अमेरिकेत पोहोचला आणि गहजब झाला. वृत्तपत्रांनी त्याला 'बुल रन रसेल' असे नाव ठेवले, धमक्यांची पत्रे आली. गुलामगिरीवर लिहिले म्हणून दक्षिण रागावलेली, पळापळीवर लिहिले म्हणून उत्तर रागावलेली. १८६२च्या वसंतात सैन्याबरोबर जाण्याची परवानगी नाकारली गेली आणि तो मुकाट्याने घरी परतला.

त्यानंतरची कारकीर्द उताराची आहे. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो प्रशियाच्या युवराजाच्या गोटात मानाने वावरत होता, पण 'डेली न्यूज'चा आर्चिबाल्ड फोर्ब्स तारायंत्राने मजकूर पाठवून त्याच्या आधी बातमी पोहोचवी. रसेलची सवय निवांतपणे लांब पत्र लिहिण्याची. नव्या यंत्राने ती जुनी करून टाकली. १८७९ साली झुलूंशी युद्ध झाले तेव्हा तो 'डेली टेलिग्राफ'साठी दक्षिण आफ्रिकेत गेला. १८९५ साली सरदारकी मिळाली. पण घरचा हिशेब वेगळाच होता. १८४६ साली ज्या मेरीशी लग्न केले, तिच्या संसाराची बरीच वर्षे नवरा परदेशी, पैशांची ओढाताण आणि आजारपण यांत गेली. १८६७ साली ती वारली. कीर्तीची किंमत कोण देतो, हे अशा घरांत विचारावे. आपल्या पेशाला त्याने स्वतःच एका अभागी जमातीचे नाव दिले होते, ते काही विनोदाने नाही.

पुढच्या दीडशे वर्षांत यंत्रे बदलली, प्रश्न तोच राहिला. १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश वार्ताहर आरमाराच्या जहाजांवरूनच गेले आणि मजकूर पाठवण्यासाठी त्यांना आरमाराचेच साधन होते. २००३ साली इराकमध्ये शेकडो वार्ताहर पलटणींना जोडून देण्यात आले. कॅम्पबेलची युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, एवढेच. आणि जे पुढे जातात त्यांची किंमतही तीच. मेरी कोल्विन २०१२ साली सीरियात होम्स शहरात मारल्या गेल्या. आपला छायापत्रकार दानिश सिद्दिकी जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाकला पडला. ही माणसे वेडी नव्हती. कुणीतरी तिथे उभे राहून पाहिले नाही, तर फक्त खलिते उरतात, हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा युद्धाची बातमी वाचताना घरातल्या मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे, असे मला वाटते. हे पाहिले कुणी? तो कुणाच्या छावणीत उभा होता? आणि पलीकडच्या माणसाचे म्हणणे कुठे आहे? आपल्या देशाची बातमी असेल तर हे प्रश्न अधिकच जड जातात. रसेलच्या वाचकांनाही ते जड गेले होते. त्यांनी शिव्या दिल्या, पण अंक वाचला, आणि त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात क्रिमियातल्या शिपायाला डोक्यावर छप्पर आणि पायात बूट मिळाले.

१९०७ साली रसेल लंडनमध्ये वारला. त्याच वर्षी चिंतामणराव वैद्य यांनी 'माझा प्रवास' छापून प्रसिद्ध केले. एकाच वसंतात, एकाच युद्धात, दोन बाजूंना उभे असलेले हे दोन साक्षीदार एकमेकांना कधी भेटले नाहीत. रसेलच्या रोजनिशीत लखनौची लूट वाचावी आणि लगेच भटजींच्या पुस्तकात झाशीची. एका सुट्टीच्या दिवशी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.